नाव खेळाडूचं, फ्लेक्स भलत्याचाच

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात सिग्नलला थांबलो की मान वर करून फ्लेक्स वाचायची खोड मला जुनीच आहे. मागे एकदा असाच एक दिसला. आंतरविद्यापीठ स्पर्धेत पदक मिळवलेल्या मुलीचं अभिनंदन. सगळ्यात वर पक्षाच्या नेत्यांची पट्टी, मध्यभागी हात जोडून उभे असलेले भावी नगरसेवक, खाली बुंदीच्या लाडवांसारखे मांडलेले शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे. सिग्नल लांबला म्हणून मोजले, तेवीस भरले. आणि ती मुलगी? उजव्या कोपऱ्यात, व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललेल्या, ताणून फाटल्यासारख्या झालेल्या फोटोत. गळ्यात पदक होतं एवढं कळत होतं. आडनावातली वेलांटी चुकलेली होती.

त्या फ्लेक्सचे छापणाऱ्याला पैसे मिळाले, बांबू लावणाऱ्या पोरांना मिळाले, भावी नगरसेवकांना प्रसिद्धी मिळाली. ज्या नावामुळे हा सगळा खटाटोप झाला त्या नावाच्या मालकिणीला कोणी विचारलं असेल, असं काही वाटत नाही. शेजारच्या खांबावर एका क्लासचा फ्लेक्स होता. त्यावरही एक खेळाडू, ‘आमचा विद्यार्थी’ म्हणून.

खेळाडूचं नाव आणि चेहरा ही कोणाची मालमत्ता? प्रश्न वकिली वाटेल, पण याच एका प्रश्नावरून अमेरिकेत गेली पंधरा-सोळा वर्षं कोर्टबाजी चालली आहे. तिथल्या कॉलेज खेळांचा सगळा डोलारा त्यात हलला आणि आता त्यांच्या संसदेत विधेयकांची रांग लागली आहे.

तिथली गंमत अशी की कॉलेजचा खेळ हा प्रचंड धंदा आहे. कॉलेज बास्केटबॉलच्या एका वार्षिक स्पर्धेच्या प्रक्षेपणाचेच वर्षाला शंभर कोटी डॉलरच्या वर येतात. बहुतेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सगळ्यात महागडा माणूस राज्यपाल नसतो, सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. पण खेळणाऱ्या पोराने एक डॉलर घेतला तरी तो बाद. १९०६ साली स्थापन झालेल्या एनसीएए या संघटनेचा तसा नियमच होता. फी माफ, राहणं-जेवण माफ. त्यापलीकडे काही घेतलं की सोवळं मोडलं. २०१० साली ओहायो स्टेट विद्यापीठाच्या पाच फुटबॉलपटूंवर पाच-पाच सामन्यांची बंदी आली. गुन्हा काय, तर स्वतःच मिळवलेल्या जर्सी, अंगठ्या अशा वस्तू विकल्या आणि काहींनी त्या बदल्यात अंगावर गोंदवून घेतलं. तीच जर्सी विद्यापीठाच्या दुकानात राजरोस विक्रीला होती.

या सोवळ्याला पहिला मोठा धक्का दिला एड ओबॅनन याने. १९९५ साली यूसीएलए विद्यापीठाला बास्केटबॉलचं अजिंक्यपद मिळवून देणारा हा खेळाडू पुढे मोटारी विकायच्या धंद्यात गेला होता. एका मित्राच्या मुलाने त्याला व्हिडिओ गेम दाखवला. पडद्यावरच्या खेळाडूच्या पाठीवर ३१ नंबर, टक्कल, डावखुरा हात. नाव तेवढं नव्हतं. गेम पैसे मोजून घेतलेला होता आणि ओबॅननला त्यातला छदामही मिळालेला नव्हता. २००९ मध्ये तो कोर्टात गेला. २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी निकाल बराचसा त्याच्या बाजूने दिला.

मग बांध फुटत गेला. २०१९ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियाने कायदा करून कॉलेज खेळाडूला आपलं नाव विकायची मुभा दिली. २१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला. तो खटला खरं तर शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता, पण वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते संघटनेला कळलं. १ जुलैपासून तिने जाहिरातींवरची बंदी उठवली. या हक्काला तिकडे ‘एनआयएल’ म्हणतात : नेम, इमेज, लाइकनेस. म्हणजे नाव, छबी आणि ‘हा तोच’ असं ओळखू येईल असं काहीही. नंबर, टक्कल, डावखुरेपणसुद्धा.

नेब्रास्का विद्यापीठात एक खेळाडू होता, त्याचं पाळण्यातलं नावच डिकोल्डेस्ट क्रॉफर्ड. मराठीत सांगायचं तर ‘सगळ्यांत थंडगार’. २०२२ मध्ये ओमाहा शहरातल्या एका एसी दुरुस्त करणाऱ्या कंपनीने त्याला जाहिरातीत घेतलं. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याच्यासाठी असं कमाईला आलं. मला या सगळ्या प्रकरणात ही जाहिरात सगळ्यात आवडते, कारण ती लहान आहे. गल्लीतली कंपनी, गावातला पोरगा, दोघांचा फायदा.

पण सगळंच इतकं गोड राहिलं नाही. श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन फंड काढले, त्यांना ‘कलेक्टिव्ह’ म्हणतात. जाहिरात नावापुरती, खरा हेतू चांगला खेळाडू दुसऱ्या विद्यापीठातून फोडून आणण्याचा. फ्लोरिडाचा गर्वॉन डेक्स्टर नावाचा फुटबॉलपटू होता. २०२२ मध्ये एका कंपनीने त्याला सुमारे ४ लाख ३६ हजार डॉलर दिले आणि करार लिहून घेतला की पुढे तो व्यावसायिक लीगमध्ये गेला, तर पंचवीस वर्षं त्याच्या कमाईतले १५ टक्के कंपनीचे. नंतर तो कोर्टात गेला.

हे वाचताना मराठवाड्यातल्या माणसाला इंग्रजी शब्दकोश लागत नाही. ही उचल आहे. ऊसतोडीचा मुकादम दसऱ्याच्या सुमाराला रोख रक्कम हातावर ठेवतो आणि मग जोडपं सगळा हंगाम कोयता घेऊन कारखान्याच्या फडात. बीडकडच्या घरांना उचल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, ती फिटत कशी नाही तेही सांगावं लागत नाही. फरक इतकाच, की ऊसतोडीची उचल हंगामाची आणि डेक्स्टरची पंचवीस वर्षांची.

६ जून २०२५ रोजी त्याच विल्कनबाईंनी एनसीएएविरुद्धच्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली. जुन्या खेळाडूंना मागची भरपाई म्हणून दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर. आणि इथून पुढे प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना थेट पैसे वाटायची परवानगी, पहिल्या वर्षी कमाल २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. बाहेरचा करार ६०० डॉलरच्या वरचा असेल तर तो एका तपासणी यंत्रणेकडे नोंदवायचा. ती यंत्रणा बघते की जाहिरातीमागे खरा धंदा आहे की नुसती खिरापत, आणि रक्कम बाजारभावाला धरून आहे की नाही.

आता भांडण संसदेत आहे. ‘स्कोर’ नावाचं विधेयक म्हणतं, पन्नास राज्यांचे पन्नास कायदे नकोत, देशाचा एकच हवा. संघटनेला खटल्यांपासून काही संरक्षण द्या आणि खेळाडूंना विद्यापीठाचे नोकर ठरवू नका. त्याला उत्तर म्हणून सिनेटमधल्या डेमोक्रॅटांनी ‘सेफ’ नावाचं विधेयक आणलं, त्यात संघटनेला असं कवच नाही. दलालाचं कमिशन ५ टक्क्यांवर जाऊ नये, हे मात्र दोन्हीकडे आहे. ‘स्कोर’वरचं मतदान डिसेंबर २०२५ मध्ये अगदी तोंडावर येऊन मागे घेतलं गेलं. पुढाऱ्यांना खेळातलं कळतं किती, हा आपल्याकडचा प्रश्न तिकडेही आहे म्हणायचा.

हे खेळाडूंचं सोवळं आलं कुठून?  कॉलेजांकडे आणि ऑलिंपिककडेही ते आलं विलायतेतल्या बड्या घरच्या पोरांकडून, ज्यांना पोटासाठी खेळायची गरज नव्हती. जिम थॉर्प या मूळ अमेरिकी अ‍ॅथलीटने १९१२ साली स्टॉकहोमला दोन सुवर्णपदकं जिंकली. आधी कधीतरी उन्हाळ्यात आठवड्याला चार पैसे घेऊन तो बेसबॉल खेळला होता, एवढ्यासाठी १९१३ मध्ये ती काढून घेतली. त्या स्पर्धेत थॉर्पकडून हरलेल्यांमध्ये एक होता अ‍ॅव्हरी ब्रंडेज. तोच पुढे १९५२ मध्ये ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष झाला आणि वीस वर्षं ‘पैसा शिवता कामा नये’ म्हणत राहिला.

१९५२ हे साल आपल्यालाही सोडत नाही. त्या वर्षी हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, म्हणजे आजच्या भाषेत ‘कॉलेज अ‍ॅथलीट’. १९४८ च्या लंडनवारीला कोल्हापूरच्या महाराजांनी हात दिला होता. १९५२ पर्यंत संस्थान विलीन झालेलं, सरकारकडून पुरेसे पैसे मिळेनात. तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. बाकीची वर्गणी गोळेश्वरच्या आणि कराडच्या लोकांनी जमवली. पदक घेऊन परतल्यावर कराड स्टेशनापासून गावापर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हे आपण अभिमानाने सांगतो. त्यापुढचं सांगायचं राहून जातं : नंतर खाशाबांनी कुस्त्या भरवल्या, त्यांत लढले आणि त्या पैशांतून प्राचार्यांचं कर्ज फेडलं.

ब्रंडेजसाहेबांनी सातारा-कोल्हापूरकडची एखादी जत्रा पाहिली असती तर त्यांना घेरीच आली असती. फेटा, नारळ आणि रोख इनाम, तेही हलगीच्या तालावर, हजारो लोकांसमोर पुकारून. आपल्या मातीत खेळाडूने पैसे घेण्यात विटाळ कधीच नव्हता. वर्गणी हेच आमचं कलेक्टिव्ह, आणि त्यात पंचवीस वर्षांचा करार नसे.

मग आज छत्रपती संभाजीनगरातल्या विद्यापीठ खेळाडूची अडचण काय? सकाळी सहाला गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात जा, नाहीतर विद्यापीठाच्या आवारातल्या ‘साई’च्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) केंद्रावर जा. पोरं-पोरी घाम गाळत असतात. तलवारबाजीचं या शहराला वेड आहे. त्यातलं पातं कधी मोडेल सांगता येत नाही, आणि मोडलं की नवं घ्यावंच लागतं. मास्क, जाकीट, आतलं संरक्षक वस्त्र, अंगातून जाणारी वायर, सगळं आपापलं. विद्यापीठाकडून ट्रॅकसूट मिळतो आणि स्पर्धेला गेलं की टीए-डीए. कोणी विद्यापीठाचा ‘कलर होल्डर’ झाला की घरी त्याचा मानाचा कोट देवघराशेजारी टांगतात. ‘खेलो इंडिया’ योजनेत निवड झाली तर हातखर्चाला महिन्याला १० हजार. ऑलिंपिकच्या तयारीसाठीच्या ‘टॉप्स’ योजनेच्या मुख्य यादीत गेला तर ५०,००० आणि विकसनशील गटात २५,०००. पण या याद्यांत जाणारे किती, ते मैदानावर उभं राहिलं की दिसतं.

बाकीच्यांना नाव विकायला आडकाठी कोणाचीच नाही. बंदी नाही आणि गिऱ्हाईकही नाही. वाळूज आणि शेंद्र्याला कारखान्यांची रांग आहे, त्यांनी का पुढे येऊ नये, असं कोणीही विचारेल. इथे एक मजेशीर कायदेशीर गाठ आहे. मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण, राष्ट्रीय मान्यतेच्या, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. पण जानेवारी २०२१ च्या नियमांनुसार आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून केलेलं प्रायोजकत्व त्यात धरत नाहीत. म्हणजे कंपनीने पोरीला तलवार घेऊन दिली तर ते पुण्य, जाकिटावर स्वतःचा लोगो छापला तर तो धंदा. साहजिकच कंपनी पुण्य निवडते, तेही एखाद्या संस्थेमार्फत, आणि मुलीच्या नावाला बाजारात किंमत आहे का हे तपासायची वेळच येत नाही. नियम वाईट नाही. सामाजिक निधीतून फुकट जाहिराती होऊ नयेत हे बरोबरच आहे. पण त्याची सावली भलतीकडे पडते.

त्यामुळे आपल्याकडे खेळाडूचं नाव विकलं जातं ते प्रमाणपत्राच्या रूपात. दहावी-बारावीला वाढीव गुण आणि सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण, हीच आमची खरी एनआयएल. धाराशिवच्या सारिका काळे भारताच्या खो-खो संघाच्या कर्णधार होत्या, अर्जुन पुरस्कार मिळवलेल्या. घरच्या गरिबीत दिवसाला एकच जेवण, असे दिवस काढल्याचं त्यांनी सांगितलं आहे. त्यांना स्थैर्य आलं ते तालुका क्रीडा अधिकाऱ्याच्या नोकरीमुळे. पॅरिसमध्ये पदक जिंकणारे कोल्हापूरचे स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होते. आष्टी तालुक्यातले अविनाश साबळे फौजेत गेले आणि तिथे धावू लागले. मराठवाड्यातल्या बापाला विचारा, ‘पोरगं खेळतंय?’ तो म्हणतो, ‘हो, सर्टिफिकेट आहे.’ एवढ्यावर संभाषण संपतं.

जिथे कागदाला एवढी किंमत, तिथे बनावट कागद निघणारच. ट्रॅम्पोलिनसारख्या फार कोणी न पाहिलेल्या खेळांची बोगस प्रमाणपत्रं राज्यात सापडली, त्यावरून नोकऱ्या लागल्याचंही उघड झालं. आणि डिसेंबर २०२४ मध्ये आमच्याच विभागीय क्रीडा संकुलातून बाहेर आलेलं प्रकरण तर देशभर गाजलं. १३ हजार पगाराच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याने संकुलाच्या खात्यातले २१ कोटी ५९ लाख रुपये नेट बँकिंगने वळवल्याचा गुन्हा दाखल झाला. महागडी गाडी, विमानतळाजवळ फ्लॅट, हिऱ्याचा चष्मा अशी वर्णनं वर्तमानपत्रांत आली. चष्म्याची चर्चा चहाच्या टपरीवर महिनाभर पुरली. मला मात्र वेगळंच वाटत राहिलं. खेळासाठीचा पैसा या शहरात होता. इतका होता, की महिनोन्‌महिने तो कमी होतोय हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तरी वारं आपल्याकडेही बदलतंय, मोबाइलमधून. पंचवीस-तीस हजार फॉलोअर असलेला कॉलेजचा कुस्तीगीर आता जिमची, प्रोटीनच्या डब्याची रील करतो. हा करार बहुधा तोंडी असतो. यातले काही खड्डे घरच्यांनी आधीच बघून ठेवावेत. १८ वर्षांखालच्या मुलाने स्वतः केलेला करार आपल्याकडे मुळातच पोकळ. १९०३ पासून कोर्टाचं हेच म्हणणं आहे. जाहिरातीचे पैसे किंवा वस्तू घेतल्या असतील तर ते रीलमध्ये स्पष्ट सांगावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि वर्षभर कोणाचीच जाहिरात करायला बंदी येऊ शकते. फुकट आलेल्या बुटांवरही, वर्षात २० हजारांच्या वर गेले तर, जुलै २०२२ पासून कर कापायची तरतूद आहे. प्रोटीनच्या डब्यात न लिहिलेलं काही निघालं आणि ते लघवीच्या चाचणीत आलं, तर ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तेजक-विरोधी नियमांपुढे चालत नाही. सगळ्यात मोठा खड्डा पैशांच्या ऑनलाइन खेळांचा. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने त्यांची जाहिरातही गुन्हा ठरवली, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड. पोरांना असल्या रीलचे मेसेज येत असतात, आणि रक्कम तेच सगळ्यात जास्त सांगतात.

त्याच ऑगस्ट महिन्यात देशाचा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदाही झाला. क्रीडा मंडळ, न्यायाधिकरण, संघटनांत खेळाडूंना जागा, हे सगळं त्यात आहे आणि चांगलं आहे. खेळाडूच्या छबीचा बाजार हा त्याचा विषय नाही. दलालाची टक्केवारी किती, करार किती वर्षांचा, हे ठरवणारं इथे कोणी नाही.

परदेशातल्या मराठी घरांसाठी आणखी एक मेख. अमेरिकेत शिकायला गेलेला आपला मुलगा विद्यार्थी व्हिसावर असतो आणि त्या व्हिसावर कॅम्पसबाहेर कमाई करणं धोक्याचं. संघातला शेजारचा अमेरिकी पोरगा बुटांची जाहिरात करतो, हा बघत बसतो. पुण्याचा टेनिसपटू अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला तो जाहिरातींवरची बंदी उठण्याआधी. आज कोणी गेला तरी व्हिसाची भिंत आहेच. केंटकी विद्यापीठाचा ऑस्कर चिब्वे हा काँगोचा खेळाडू. त्याने २०२२ मध्ये युक्ती काढली : संघ बहामाज बेटांवर खेळायला गेला तेव्हा तिथे, अमेरिकेबाहेर, जाहिरातींचं काम उरकलं.

फ्लेक्सच्या बाबतीत मात्र आपल्याकडे नुसती हतबलता नाही. टोकियोत पदक मिळाल्यावर २०२१ मध्ये अनेक कंपन्यांनी पी. व्ही. सिंधूचं अभिनंदन करणाऱ्या, स्वतःचा लोगो लावलेल्या जाहिराती टाकल्या. सिंधूचं काम बघणाऱ्या कंपनीने त्यांना नोटिसा धाडल्या : अभिनंदन करा, पण तिच्या नावावर माल विकू नका. आपल्याकडे स्वतंत्र कायदा नसला तरी ओळखल्या जाणाऱ्या माणसाच्या नावाचा आणि छबीचा धंद्यासाठी परस्पर वापर करता येत नाही, असं उच्च न्यायालयांनी अनेकदा म्हटलं आहे. सिंधूमागे कंपनी होती, वकील होते. क्रांती चौकातल्या मुलीमागे तिचे सर होते आणि सरांना भावी नगरसेवकांकडून मॅट हवी होती.

तो फ्लेक्स आठवडाभराने उतरला. उतरवणाऱ्या पोराला विचारलं, आता याचं काय करणार? म्हणाला, ‘काका, जाड आहे चांगला. गावाकडं कापसाच्या गंजीवर टाकायचा.’ घडी घालताना त्याने चेहऱ्यांची बाजू आत केली.